आपण घरी निघालोय

पत्ते जरा खाली ठेवा. तो फोनही ठेव रे खिशात. शवपेटीतल्या माणसाला रात्री एकटं ठेवायचं नसतं, म्हणून आपण इथं बसलोय. तुमच्या खिदळण्यानं तो काही उठून बसायचा नाही, पण त्याच्या बायकोचा आत्ता कुठं डोळा लागलाय. आल्याचा काढा घ्या, आणि त्या कलिंगडाच्या बिया इकडे सरकवा.

"लोलो, आजोबा, मग भुताची सांगा."

भुताची मला येत नाही बाबांनो. भूत मी पाहिलेलं नाही, पाहायची हौसही नाही. देल्फिनची सांगतो. माझा धर्मपुत्र तो, मला निनोंग म्हणतो; बाप्तिस्म्याच्या वेळी मीच त्याला हातात धरलं होतं. त्यानं मला सांगितलं तसंच तुम्हाला सांगतो. पदरचं काही नाही.

तर गेल्या साली, ऑक्टोबरची सतरा तारीख, शुक्रवार. संध्याकाळी देल्फिन लुम्बानहून शेजारच्या पाग्सान्हान गावाला निघाला. मोटरसायकलला कॉफीचा डबा आणि बिस्किटांची दोन मोठी पाकिटं बांधलेली. त्याची मावशी, तिया लोरिंग, दोन दिवसांपूर्वी गेली होती. तिच्या घरी रात्र जागवायला माणसं जमणार, त्यांना काहीतरी पोचवायचं, तासभर बसायचं आणि परत यायचं, एवढंच काम.

तासभरच, कारण घरी त्याची आई होती. सेपा तिचं नाव, पण आख्खी आळी तिला नानाय, म्हणजे आईच म्हणायची. दोन वर्षांपूर्वी तिचं अर्धं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. एके काळी काय आवाज होता बाईचा! रात्री दाराला अडसर घालताना ती ओरडायची, "आपण सगळे घरात? घालते अडसर!" ते ऐकून चार घरांपलीकडे मी माझा दिवा मालवायचो. आता कूस बदलायची तरी कुणीतरी बदलून द्यावी लागे. देल्फिनची बायको मारिविक हाँगकाँगला लोकांची म्हातारी माणसं सांभाळत होती, आणि देल्फिन इथं आपलं म्हातारं माणूस सांभाळत होता. रात्री कानाला यंत्र लावून परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या शिव्या ऐकायच्या, दिवसा नानायला भरवायचं, पुसायचं, वळवायचं. झोपायचं कधी, तर वेळ मिळाला तर. पोरगं पार मेटाकुटीला आलं होतं.

म्हणून त्यानं घरात ते मशीन ठेवलं. फ्रिजवर, बाळ येशूच्या, सांतो निन्योच्या मूर्तीशेजारी, एक जुना बारका कॉम्प्युटर. आत कसलीशी अक्कल घातलेली, सगळं घरातल्या घरात चालणारी. फोनवर त्याच्याशी चॅट करायचं, नोकराला सांगावं तसं. "पंखा मंद कर." "नानाय जागी आहे का बघ." "औषधाची वेळ झाली, आलिंग पुरिंगना हाक घाल." पुरिंग म्हणजे तो नसला की नानायपाशी बसणारी शेजारीण. मशीन लगेच लिहून उत्तर द्यायचं. लहानपणीच्या कुत्र्याचं नाव त्यानं त्याला दिलं होतं, बांताय. बांताय म्हणजे राखणदार.

मी म्हटलं होतं, "अरे, खरा कुत्रा पाळ की! निदान शेपूट तरी हलवेल."

"निनोंग," तो म्हणाला, "कुत्र्याला खायला घालावं लागतं. आणखी एकाचं करायची ताकद नाही उरली माझ्यात."

 

त्याच वेळी त्यानं दाराचा अडसरही काढला. फाटकाला विजेचं कुलूप बसवलं, वर बांतायचा डोळा बसवला आणि बांतायला शिस्त घालून दिली. घरी येतोय म्हणून जो जो कळवेल, त्याच्यासाठी फाटक उघडं ठेवायचं, दिवा लावायचा. सगळे आत आले की कुलूप लावायचं आणि तसं लिहायचं. अडसराचं लाकूड फोडून पुरिंगनं चुलीत घातलं. नानाय खाटेवरून बघत होती. तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, असं पुरिंग म्हणते. धुरानंही आलं असेल.

आता तिया लोरिंगचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. या दोघी बहिणी लहानपणी एका चटईवर झोपायच्या. म्हातारपणीही लोरिंग दर शुक्रवारी लुम्बानला यायची आणि रात्री सेपाच्याच खाटेवर निजायची. सेपाला भिंतीकडे सरकवून बाहेरची बाजू हिची. आणि दर शुक्रवारी एकच थट्टा. "सेपा, तू जन्माची हळूबाई. मी आधी गेले ना, तर तुला न्यायला येईन बघ, नाहीतर वाट चुकशील." आम्ही हसायचो. नानायही हसायची, अर्ध्या तोंडानं.

लोरिंग गेल्याचं नानायला कुणी सांगितलं नव्हतं. "तियाला दम लागलाय, या शुक्रवारी नाही येणार," अशी थाप देल्फिननं मारली होती. डिसेंबरात मारिविक यायची होती. तिनं फोनवर रडून सांगितलं होतं, "मी येईस्तोवर तिला सांभाळ, मला एकदा तिला माझ्या हातानं पेज भरवू दे." आणि देल्फिननं शब्द दिला होता. डिसेंबरपर्यंत आईला जगवायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

पाग्सान्हानला तो पोचला. जपमाळ झाली, कॉफी झाली. निघण्यापूर्वी पेटीपाशी जाऊन उभा राहिला. काचेतून तियाचा चेहरा दिसत होता, पावडर लावलेला, शांत. देल्फिन मला म्हणाला, "निनोंग, मला तिचा हेवा वाटला. किती गाढ झोपलीय, असं वाटलं." आणि क्षणभर... एकच क्षण... त्याच्या मनात आलं की आपल्याही घरचं हे सगळं आता संपावं. लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. डोळे पुसले, तिथंच उभ्या उभ्या फोन तोंडाशी धरला आणि बोलून निरोप धाडला.

"बांताय, आपण घरी निघालोय. दिवा लाव."

आता बघा. आपल्या भाषेत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की समोरचा आत. शेंबड्या पोरालाही कळतं. पण दोन वर्षं आईला दवाखान्यातून परत आणताना तो हेच म्हणत आला होता. "चल नानाय, आपण घरी निघालोय." जिभेला वळण पडलं होतं. म्हणायचं होतं 'मी', निघून गेलं 'आपण'. आणि समोर कोण? काचेखाली तिया.

लोरिंगची मुलगी तेसांग बाजूलाच बसली होती. तिनं वर पाहिलं.

"आपण म्हणजे कोण रे?"

"अं?"

"आत्ता कुणाला म्हणालास, आपण?"

"मशीनला गं. घरच्या."

"मशीनलाच ना?" तिनं पेटीकडे बघितलं आणि छातीवर क्रूस केला. "हे बघ, सरळ घरी जाऊ नकोस. बेकरीवर थांब, कॉफी घे, मग उंबरा ओलांड. पाग्पाग केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, कळलं? दुसरीकडे टेकलं की मागं लागलेलं तिथंच राहतं."

"थांबतो गं बाई."

ती उठली नाही. सुतकातल्या माणसानं पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं नसतं, आभारही मानायचे नसतात. तोही 'येतो' म्हणाला नाही. सगळे नेम त्यानं पाळले... एक पाग्पाग सोडून.

कारण लुम्बानच्या वेशीवर आला तोच फोन वाजला. नानायपाशी बसलेली पुरिंग. "ये रे लवकर, माझ्या डोळ्यांवर झापड आलीय. उद्या पहाटे मला बाजारात जायचंय." बेकरीची भट्टी समोर पेटलेली होती, बाकडं रिकामं होतं. त्यानं गाडी हळू केली. पण ज्याला उभ्या उभ्या झोप येते, त्याला कसला नेम आणि कसलं काय! तो तसाच पुढं गेला.

फाटक उघडं होतं, दिवा लागलेला. तो आत आला. पुरिंगनं चपला शोधल्या, "पेज झाकून ठेवलीय" म्हणाली आणि गेली. देल्फिन खुर्चीत बसला. बूटही काढले नाहीत. फोन वाजला.

बांतायनं लिहिलं होतं, "तू आलास. अजून एक जण यायचाय. फाटक उघडं ठेवतो."

देल्फिन हसला. 'आपण' म्हटलं, म्हणजे निदान दोघं. मशीनचा तरी काय दोष? त्यानं लिहिलं, "चुकून म्हणालो. मी एकटाच आहे. लाव कुलूप."

"बरं."

कुलपाचा खट्ट आवाज झाला नाही. त्यानं वाट पाहिली. मग परत लिहिलं, "लाव ना."

"लावता येत नाही. फाटकात कुणीतरी उभं आहे."

त्यानं खिडकीतून पाहिलं. दिव्याखाली फाटक. रस्ता. कुणी नाही. समोरच्या घरचं कुत्रं रोज भुंकायचं, ते पायरीवर बसून होतं. फाटकाकडे बघत. शेपूट हलवत.

"कुणी नाही," त्यानं लिहिलं.



मग... खट्ट.

"दोघंही आत. कुलूप लावलं."

देल्फिन म्हणाला, अंगातली सगळी झोप तळपायातून निघून गेली. घरात आवाज कसलाच नव्हता. पंखा फिरत होता, तेवढाच. पाकोळी असेल, त्यानं मनाला सांगितलं. त्या डोळ्याला पाकोळीही माणूस वाटते. दोनदा वाटली होती. आज तिसऱ्यांदा.

तो नानायच्या खोलीत गेला.

नानाय जागी होती. त्याच्याकडे बघत नव्हती. खाटेच्या पायथ्याकडे बघत होती. आणि हसत होती, अर्ध्या तोंडानं.

"नानाय? काय झालं?"

तिनं मान वळवली नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. ती भिंतीकडे होती. रोज खाटेच्या मधोमध असायची, त्यानंच संध्याकाळी तिला तसं निजवलं होतं. कूस बदलू न शकणारी बाई... पार भिंतीला टेकलेली. बाहेरची बाजू मोकळी. उशीचा अर्धा भागही मोकळा.

आणि शुक्रवार होता.

त्यानं पुरिंगला फोन लावला. "तू नानायला सरकवलंस?"

"नाही रे. का?"

त्यानं फोन ठेवला.

खाटेची मोकळी बाजू... जराशी दबली.

नाही, हसू नका. मी दिवा मोठा करत नाही, तुम्हीच सरकून बसा.

देल्फिन सांगतो, त्या वेळी त्याला भीतीपेक्षा दुसरंच काही वाटलं. राग आला. 'दोन वर्षं मी हिला धरून ठेवलीय. माझी पाठ मोडली, माझी झोप गेली. डिसेंबरपर्यंतचा शब्द दिलाय मी. आणि तू आलीस आयती न्यायला?' मोठ्यानं म्हणाला तो हे. त्या मोकळ्या उशीला. मग आवाज फुटला त्याचा आणि रडायलाच लागला. "तिया, नको गं. अजून नको."

पंखा फिरत होता.

मग त्याला तेसांगचं बोलणं आठवलं. पाग्पाग. जे आधी करायचं राहिलं, ते आता तरी करावं. बेकरीवर नेऊन सोडावं आणि मागं न बघता यावं. अक्कल चांगली होती. उशिरा का होईना, सुचली होती. तो दारात उभा राहिला, खाटेकडे तोंड करून. लहानपणी मावशीला हाक मारायचा तशीच मारली.

"चल, उठ. आपण जाऊ या."

नानायनं तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, त्या सगळ्या वेळात. पाहिलं आणि डोळे मिटले. झोपली, असं त्याला वाटलं.

तो निघाला. मागं बघितलं नाही. फाटक ढकललं, रस्त्याला लागला. रस्ता ओला होता. दोन्ही बाजूंची घरं बंद. समोरचं कुत्रं उठलं, थोडं मागं आलं आणि थांबलं. बेकरी लांब नाही, पण पाय उचलत नव्हते. त्याला वाटलं, आपण हळू चालतोय ते बरं आहे. म्हाताऱ्या माणसाला जमेल असं.

भट्टीपाशी पोरं पीठ मळत होती. त्यानं कॉफी मागितली, बाकड्यावर बसला. ताज्या पावाचा, पानदेसालचा वास येत होता. ऊब होती. किती दिवसांनी तो असा नुसता बसला होता. त्याला बरं वाटलं, तेच त्याला अजून खातं. कॉफी संपवली, कप ठेवला, 'येतो' न म्हणता उठला. काम झालं होतं. म्हणून फोन काढला, नीट शब्द निवडून लिहायला. 'मी एकटाच येतोय.'

चॅट उघडलं. वर बांतायचा आधीच आलेला निरोप होता. त्यानं वाचलेला नव्हता.

"फाटकातून तिघं बाहेर पडली."

त्यानं परत वाचलं. तिघं.

तो. तिया.

...

त्या खोलीत 'आपण' म्हणाला, तेव्हा ऐकणाऱ्या दोघी होत्या.

तो पळत सुटला. बेकरीतली पोरं अजून सांगतात, ओरडत पळत होता, "आपण नाही! मी! मी एकटा!" पण तोंडातून गेलेला शब्द कुणाला परत मिळालाय?

नानाय भिंतीकडे तोंड करून होती. अंग अजून कोमट. डोळे मिटलेले, तोंडावर ते अर्धं हसू... आता पुरतं झालेलं.

डॉक्टर म्हणाला, हृदय थकलं होतं, कधी ना कधी व्हायचंच होतं. खरंच असेल. बोलाफुलाला गाठ पडली म्हणा. मी कुणाशी वाद घालत नाही. मारिविक आली, डिसेंबरची सुट्टी तिनं ऑक्टोबरातच खर्च केली. पेज कुणाला भरवणार? आठवडाभर रडली आणि परत दुसऱ्यांची म्हातारी माणसं सांभाळायला गेली.

पण एक गोष्ट राहिली. नानायची पेटी बाहेरच्या खोलीत होती, आम्ही सगळे असेच भोवती बसलो होतो. देल्फिनचा फोन वाजला. त्यानं निरोप वाचला आणि फोन माझ्यापुढं धरला.

"नानाय अजून बाहेर आहे. फाटक उघडं ठेवतो."

बाई आमच्यासमोर निजलेली, आणि हे लिहितंय बाहेर आहे! मी म्हटलं, "बंद कर ते पहिलं." त्यानं नकाराची मान हलवली. नंतर रोज रात्री तेच. नानाय अजून बाहेर आहे. फाटक उघडं ठेवतो. दफन झालं, नऊ रात्रींच्या प्रार्थना झाल्या, थडग्यावर मेणबत्त्या लावून झाल्या, तरी तेच. फाटक रात्रभर सताड उघडं. चोर शिरायचे, मी म्हटलं. एका बोटाचं काम होतं ते, 'नानाय घरात आहे' एवढं लिहिलं असतं की झालं असतं.

"तसं कसं लिहू, निनोंग?" तो म्हणाला. "ती घरात नाही. मीच तिला बाहेर काढलं. ती परत आली आणि दार लावलेलं असलं तर?"

दोन वर्षं तिच्यासाठी जागला, आता फाटकासाठी जागू लागला. पार काटकी झाली त्याची.

मग चाळिसावा आला. या दिवशी आत्मा निरोप घेतो, तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही प्रार्थना केली, जेवलो, आपापल्या घरी गेलो. देल्फिन एकटा राहिला. बसून बसून कंटाळला आणि नानायच्या खाटेवर आडवा झाला. बाहेरच्या बाजूला. भिंतीकडची जागा त्यानं मोकळी ठेवली. कधी झोप लागली, त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर तो माझ्याकडे आला. तोंडावर उशीचे वळ होते. इतक्या दिवसांनी पोरगं झोपलं होतं. फाटक रात्रीच कुणीतरी लावलं होतं म्हणाला, आणि फोन माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला. रोजच्या त्या ओळी खालोखाल होत्या, बांतायच्या. सगळ्यांत खाली कालच्या रात्रीची एक.

"आपण सगळे घरात. घालते अडसर."